भाताची पेज आणि बालकाची भूक : भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

भंडारा जिल्हा हा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा व तलावांचा प्रदेश होय. ज्या झाडीपट्टीत तो मोडतो, तेथील जीवनात तांदळाचे स्थान इतके केंद्रवर्ती आहे की, बालकाच्या मुखी पडणारे पहिले अन्नही बहुधा तांदळाचेच असते. महाराष्ट्रात उष्टावणाचा विधी सामान्यतः सहाव्या महिन्याच्या आसपास करण्याची रीत आहे. आणि सहा महिने पूर्ण होताच स्तन्यपानास पूरक अन्नाची जोड द्यावी, असे आधुनिक आरोग्यशास्त्रही सांगते. तेव्हा आरंभाच्या काळाविषयी परंपरा व शास्त्र यांत फारसे अंतर नाही. खरा प्रश्न उद्भवतो तो पुढे, म्हणजे वयाच्या दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी. या वयाचे मूल घरचे अन्न खाऊ लागलेले असते. सबब त्याच्या आहाराची निराळी चिंता करण्याचे कारण उरले नाही, असे गृहीत धरले जाते. हे गृहीत कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एक वर्षाच्या बालकाचे वजन सुमारे ९ ते १० किलोग्रॅम असते. त्याच्या जठराची धारणशक्ती दर किलोग्रॅम वजनामागे साधारणतः ३० मिलिलिटर धरली, तर एका वेळी सुमारे ३०० मिलिलिटर, म्हणजे एक मोठी वाटी, एवढेच अन्न त्यात मावते. मूल अंगावर पीत असेल, तरी दुसऱ्या वर्षी पूरक अन्नातून त्याला दिवसाकाठी सुमारे ५५० कॅलरी मिळाव्या लागतात. आता २५ ग्रॅम तांदळाची ३०० मिलिलिटर पातळ पेज केली, तर तीतून ९० कॅलरींहूनही कमी ऊर्जा मिळते. अशा सहा वाट्या दररोज प्यायल्या, तरच गरज कशीबशी भागेल. आणि तेही केवळ ऊर्जेपुरते. उलटपक्षी ४० ग्रॅम तांदूळ व १५ ग्रॅम मूगडाळ यांची मऊ पण घट्ट खिचडी शिजवून तीत एक चमचा तेल घातले, तर त्याहून अधिक नसलेल्या आकारमानात सुमारे २३५ कॅलरी मिळतात. एका वाटीने पोट भरते, परंतु भूक भागत नाही. दुसरीने दोन्ही साधते. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे या साध्या गणितावरून ध्यानात येईल.

हा प्रश्न केवळ तांदूळ खाणाऱ्यांचा नाही. सिसिली विल्यम्स या वैद्य महिलेने १९३३ साली आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजचा घाना, येथील बालकांच्या सुजेच्या एका विकाराचे वर्णन केले व १९३५ साली त्यास ‘क्वाशिओरकोर’ हे तेथील भाषेतील नाव दिले. पाठीवर दुसरे भावंड जन्मल्यामुळे आईच्या अंगावरून दूर केले गेलेले मूल या रोगाने पछाडले जाई, आणि त्याच्या वाट्यास मुख्यतः मक्याची पेज येई. त्या विकाराचे मूळ केवळ प्रथिनांच्या अभावात आहे, असे पुढे बराच काळ मानले गेले. तथापि भारतीय पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांनी १९६८ साली असे दाखवून दिले की, सूज येणारी बालके आणि केवळ सुकून जाणारी बालके यांच्या आहारात स्वरूपतः भेद आढळत नाही. येथील नेहमीच्या धान्य-डाळीच्या आहारात मुख्य उणीव असते ती अन्नाच्या एकूण प्रमाणाची. ते प्रमाण पुरेसे झाले, की प्रथिनांची उणीवही बहुतांशी भरून निघते. तेव्हा महागड्या चूर्णांच्या डब्यांपेक्षा घट्ट खिचडी अधिक मोलाची ठरते.

घट्ट अन्न लहान मुलास गिळता येत नाही, अशी शंका घेतली जाईल. ती रास्तही आहे. तीवरील उपाय आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहे. धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून दळले म्हणजे त्यातील विकर पिष्टाचे विघटन करतात आणि शिजवलेले अन्न धान्य कमी न करताच सैल होते. नाचणीचे सत्त्व करताना मोड आणतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील तारा गोपालदास व त्यांचे सहकारी यांनी तांदळाच्या घट्ट पेजेत अशा मोडाच्या पिठाचा अल्प अंश मिसळून तिचा घट्टपणा कमी करता येतो, हे १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. मात्र हे पीठ पेज गरम असतानाच घालावे आणि नंतर ती पुन्हा एक उकळी आणून शिजवावी, हे आरोग्याच्या दृष्टीने इष्ट होय.

या जिल्ह्याची भूमी बालकाच्या ताटास अन्य बाबतींतही अनुकूल आहे. बांधावरची तूर, रब्बीतील हरभरा, जवस, शेवगा व पालेभाज्या, परसातील पपई, तलावातील शिंगाडा आणि मासोळी ही सारी येथलीच. काटे काढून कुस्करलेल्या माशातून मिळणारे लोह शरीरास सहज शोषता येते. अखंड हरभरे व शेंगदाणे मात्र श्वासनलिकेत अडकण्याचा धोका असल्याने कुटूनच द्यावेत. लाखोळीच्या डाळीविषयी स्वतंत्र सावधगिरी हवी. तीत मज्जासंस्थेस अपायकारक असा घटक असतो. दीर्घकाळ तीच मुख्य अन्न झाल्यास पाय लुळे पडण्याचा विकार जडतो. म्हणूनच अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत १९६१ साली तिच्या विक्रीस बंदी घालण्याची तरतूद करण्यात आली होती. बालकास मूग किंवा तूर देणे श्रेयस्कर.

अन्न कोणते, याइतकाच ते कसे भरवावे हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पहिल्या वर्षात मुलाचे वजन सुमारे तिपटीने वाढते; दुसऱ्या वर्षी ही वाढ अवघी दोन-अडीच किलोग्रॅम असते. साहजिकच भूक मंदावते. त्यातच दोन वर्षांच्या सुमारास अपरिचित पदार्थ नाकारण्याची प्रवृत्ती बळावते. हा विकासाचा स्वाभाविक टप्पा आहे, हे न उमजल्याने घरातील माणसे घाबरतात. मग एक तर बळजबरी होते, नाही तर चहात बुडविलेले बिस्किट वा पुड्यातील खारे पदार्थ पुढे केले जातात. बळजबरीने अन्नाविषयी तिटकारा उपजतो. चहातील द्रव्ये लोहाचे शोषण रोखतात. आणि पुड्यातील पदार्थाने जेवणाची भूक मरते. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, किंबहुना त्याहूनही अधिक वेळा, थोडाथोडा समोर आल्यावरच मुले तो स्वीकारू लागतात, असे निरीक्षण आहे. पहिल्या नकारास अंतिम निर्णय समजणे चुकीचे.

या संदर्भात अमेरिकेतील क्लारा डेव्हिस यांचा प्रयोग उद्बोधक आहे. नुकत्याच स्तन्य सुटलेल्या बालकांसमोर निरनिराळे साधे पदार्थ ठेवून, त्यांतील काय व किती खावे हे त्यांच्यावरच त्यांनी सोपविले. १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार ती बालके चांगली वाढली. परंतु मुलांना मोकळे सोडावे, एवढाच अर्थ त्यातून काढणे घाईचे होईल. साखर घातलेला वा प्रक्रिया केलेला एकही पदार्थ त्या ताटात नव्हता. पुढे १९३९ साली डेव्हिस यांनीही पदार्थांच्या निवडीतच यशाचे मर्म असल्याचे सांगितले. ताटात काय यावे व केव्हा यावे हे वडीलधाऱ्यांनी ठरवावे. त्यातील किती खावे हे मुलाने ठरवावे, असा त्याचा इत्यर्थ होय.

तथापि भरविण्यास हात व वेळ लागतो, आणि नेमके तेच रोवणीच्या दिवसांत दुर्मीळ होतात. पऱ्हे उपटण्यापासून चिखलात रोवणी करण्यापर्यंतची कामे स्त्रियांच्या हातून होतात. मूल आजीपाशी किंवा थोरल्या बहिणीपाशी राहते. याच पावसाळ्यात जुलाब व ताप यांचेही प्रमाण अधिक असते. तेव्हा केवळ आईस उपदेश करून हा प्रश्न सुटणार नाही. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील अंगणवाडी, घरातील आजी आणि शेतावरून परतणारा बाप या सर्वांस मुलाच्या दिवसातील तीन जेवणे व मधले एक-दोन खाऊ ठाऊक असावयास हवेत. मूल आजारातून उठल्यावर काही दिवस एक जेवण अधिक द्यावे.

सारांश, भंडाऱ्याच्या तांदळात दोष नाही. दोष आहे तो पाण्याचे प्रमाण वाढवून त्यास आहार मानण्यात. पेज घट्ट करणे, तीत डाळ व तेल घालणे, आणि मुलाने तोंड फिरविले म्हणून खिन्न न होता दुसऱ्या दिवशी तोच घास पुन्हा पुढे करणे, यांस फारसा खर्च येत नाही. परंतु ही संधी वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंतच विशेषत्वाने असते. नंतर खुंटलेली वाढ भरून काढणे कठीण होते.