विश्लेषण : ऐन पावसाळ्यात गोधड्या मांडायच्या कशा? मालवण किनाऱ्यावरील जत्रांपुढे कोणते आव्हान?

नारळी पौर्णिमेपासून गौरी-गणपतीपर्यंत सिंधुदुर्गात माणसांची वर्दळ वाढते. जत्रा, बचत गटांचे स्टॉल आणि विक्री-प्रदर्शने याच काळात लक्ष वेधून घेतात. मसाले, कोकम, काजू यांच्याबरोबर आता हाताने शिवलेल्या गोधड्याही विक्रीला ठेवण्याजोग्या वस्तू मानल्या जातात. मात्र काजू हवाबंद पिशवीत भरता येतो, गोधडी उलगडूनच दाखवावी लागते. कोकणच्या सादळलेल्या हवेत महिनाभराची मेहनत दोन दिवसांत खराब होऊ शकते. हे नुकसान कसे होते, ते टाळता येते का आणि ते सोसायचे कोणी, याविषयी...

गोधडी आणि पावसाळ्याचे नाते काय?

देशावर गोधडी म्हटली की थंडी आठवते. किनारपट्टीवर तसे नाही. मालवण, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यात समुद्रामुळे हिवाळा सौम्य असतो. अंगावर जाड पांघरूण खऱ्या अर्थाने लागते ते जुलै-ऑगस्टमध्ये, कौलांवर पाऊस कोसळत असताना आणि जमीन ओलसर झालेली असताना. त्यामुळे आगोटीच्या तयारीत लाकूडफाटा, सुके मासे, मसाला यांच्याबरोबर पांघरुणेही असत. एप्रिल-मेच्या कडक उन्हात जुन्या गोधड्या धुऊन वाळवायच्या, फाटलेल्यांना नवे अस्तर लावायचे आणि जमल्यास नवी गोधडी पूर्ण करायची, असा क्रम असे. जुनी सुती लुगडी, धोतरे, पंचे एकावर एक अंथरून कडेकडेने धावदोऱ्याच्या फेऱ्या घालत आत यायचे, ही तिची साधी रीत. बाळासाठी मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे वेगळे शिवले जाई.

थोडक्यात, गोधडीची गरज पावसाळ्यात आणि तिच्या कामाचे दिवस उन्हाळ्यात, अशी ही विभागणी आहे. विक्रीसाठी ती पावसाळ्यात बाहेर काढायची म्हटले की ही विभागणी मोडते.

मग प्रदर्शन पावसाळ्यातच का?

कारण गिऱ्हाईक तेव्हा येते. सिंधुदुर्गातील पर्यटनाचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने जलक्रीडा आणि किल्ल्याकडे जाणारी प्रवासी होडी वाहतूक बंद असते. राज्यात १ जून ते ३१ जुलै मासेमारीवरही बंदी असते. ऑगस्टमध्ये हे चित्र पालटू लागते. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर समुद्राला नारळ अर्पण केला जातो. ही परंपरा शिवकाळापासून चालत आल्याचे सांगितले जाते. त्या दिवशी बंदरावर जत्रेचे स्वरूप येते, दुकाने थाटली जातात, नारळ लढविण्याच्या स्पर्धा रंगतात. पाठोपाठ गणेशोत्सवासाठी मुंबई-पुण्यातील चाकरमानी गावी येतात.

हा चाकरमानी गोधडीचा सर्वांत जवळचा ग्राहक. आजीने शिवलेली गोधडी त्याने पांघरलेली असते. पण आता त्याच्या घरात ती शिवणारे कोणी नसते. पर्यटक गोधडीकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतो, चाकरमानी वापरायची वस्तू म्हणून. त्यामुळे पाऊस आहे म्हणून हा काळ सोडून देणे गोधडी शिवणाऱ्या बाईला परवडणारे नाही.

दमट हवेत गोधडीचे नेमके काय बिघडते?

सुती धागा हवेतील बाष्प शोषतो. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना सुती कापड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून ठेवते. म्हणजे दोन किलोच्या गोधडीत, ती हाताला कोरडी लागत असली तरी, पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास पाणी असते. किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक वेळ याहून बरीच अधिक असते आणि त्या प्रमाणात हे पाणीही वाढते. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उघडीप मिळाली नाही तर आतल्या थरांतील ओल बाहेर पडत नाही. वरचा थर सुकलेला आणि मधले थर दमट अशी गोधडी घडी घालून ठेवली की कुबट वास येतो आणि काळपट ठिपके उमटतात. ती बुरशी असते. वास उन्हाने जातो, ठिपके सहसा पूर्ण जात नाहीत.

यात दोन गोष्टींची भर पडते. पहिली खळ. कांजी दिलेली जुनी साडी किंवा खळ न काढलेले नवे कापड गोधडीत गेले, तर त्यातील पिष्टावर बुरशी लवकर वाढते. दुसरी मीठ. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात क्षाराचे सूक्ष्म कण असतात. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून विरघळू लागते. बंदरावर उघड्यावर टांगलेली गोधडी पावसाचा थेंब न लागताही चिकट, ओलसर का होते, याचे उत्तर इथे आहे.

थेट पाणी लागले तर?

मग रंग जाण्याचा धोका. गोधडीत दहा घरची कापडे असतात. त्यातील एखाद्या लाल किंवा निळ्या तुकड्याचा रंग कच्चा निघाला तर शेजारच्या पांढऱ्या पंचावर तो पसरतो. वापरातल्या गोधडीत हे चालून जाते, विक्रीच्या गोधडीत नाही. यावर उपाय शिवण्याआधीच करावा लागतो. प्रत्येक गडद तुकडा पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहायचा. रंग उतरला तर तो तुकडा बाजूला ठेवायचा.

दुसरा धोका वजनाचा. भिजलेली गोधडी दोरीवर टाकली की सगळा भार काही मोजक्या टाक्यांवर येतो. धावदोरा ताणला जातो, थर सरकतात आणि कडा लोंबू लागतात. तिसरा धोका गंजाचा. गोधडी लटकवण्यासाठी वापरलेल्या साध्या टाचण्या आणि सेफ्टी पिना दमट हवेत गंजतात आणि तांबूस डाग सोडतात. प्रदर्शनात पावसापेक्षा पिनेने केलेले नुकसान जास्त, असेही घडू शकते.

मांडणी कशी असावी?

सर्वांत सोपा उपाय गोधडीच्या मागच्या बाजूला आहे. परकराला असतो तसा नेफा वरच्या कडेला शिवायचा आणि त्यातून बांबू किंवा काठी घालायची. भार संपूर्ण रुंदीवर सारखा वाटला जातो, पिना लागत नाहीत. बांबूचा कूस काढून तो गुळगुळीत केलेला असावा. गोधडीचे खालचे टोक जमिनीपासून किमान हातभर वर राहावे, कारण मंडपात पाणी वरून येण्याआधी बहुधा खालून येते.

जागेची निवड त्याहून महत्त्वाची. ताडपत्रीच्या उघड्या मांडवापेक्षा शाळेचा वर्ग, मंगल कार्यालय किंवा देवळाचा सभामंडप चांगला. मांडवच असेल तर गोधड्या वाऱ्याच्या आडोशाला, कडेपासून आत असाव्यात. मासे तळण्याच्या आणि भज्यांच्या स्टॉलपासून त्या लांब हव्यात. सुती कापड तेलकट वास पटकन धरते. पंखे चालू ठेवून हवा खेळती ठेवणे उपयोगी, मात्र बाहेर झड लागलेली असताना सर्व दारे उघडी ठेवण्याने ओलच आत येते.

प्लास्टिकच्या पिशवीबाबत गैरसमज आहे. पावसातून ने-आण करताना प्लास्टिक हवेच. पण दमट गोधडी त्यात रात्रभर बांधून ठेवली तर बुरशीला आयते घर मिळते. मुक्कामी पोहोचल्यावर ती काढून सुती चादरीत गुंडाळावी. डांबरगोळ्या, कडुलिंबाचा पाला कसरीपासून बचाव करतात, ओल शोषत नाहीत. ओलीसाठी लाकडी पेटी किंवा लोखंडी कपाट आणि त्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, हा आवाक्यातला मार्ग आहे.

लोकांनी हात लावावा की नाही?

गोधडी हाताने चाचपूनच घेतली जाते. मऊपणा, जाडी, टाका डोळ्यांनी पुरता कळत नाही. पण छत्री मिटवून आलेल्या शंभर ओल्या हातांनी प्रत्येक गोधडी चाचपली तर संध्याकाळी ती विकण्याजोगी राहत नाही. त्यामुळे एक नमुना गोधडी हात लावण्यासाठी पुढे ठेवायची, बाकीच्या मागे टांगायच्या, अशी व्यवस्था उपयोगी ठरते. दाराशी छत्र्यांसाठी बादली आणि हात पुसायला पंचा, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

जगात अशी प्रदर्शने कशी होतात?

अमेरिकेत उन्हाळ्यात भरणाऱ्या जिल्हास्तरीय कृषी मेळ्यांत हाताने शिवलेल्या गोधड्यांची स्पर्धा ही जुनी प्रथा आहे. या मेळ्यांची मुळे १९व्या शतकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधील पशुप्रदर्शनांपर्यंत जातात. तिथेही उन्हाळ्यात वादळी पाऊस येतोच. अशा स्पर्धांत गोधडी पुढून जितकी पाहिली जाते तितकीच मागूनही: टाके सारखे आहेत का, कोपरे नीट दुमडले आहेत का, थर गोळा झाले आहेत का, हे तपासले जाते. अलाबामा राज्यातील गीज बेंड या वस्तीतील कृष्णवर्णीय महिलांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात लागल्या आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटेही निघाली.

इतके लांब जायचीही गरज नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड परिसरातील सिद्दी महिला ‘कवंदी’ शिवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे कडेपासून मध्याकडे जोडत जाण्याची त्यांची रीत आपल्या गोधडीच्या जवळची आहे. कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांची ‘फुले’ लावल्याशिवाय कवंदी पूर्ण मानली जात नाही. त्यांची प्रदर्शने परदेशातही झाली आहेत. बंगालच्या नक्षी कांथ्याला २००८ मध्ये, तर बिहारच्या सुजनी कामाला २००६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

किंमत आणि जोखीम कोणाची?

प्रश्नाचे मूळ इथे आहे. समजा, एक बाई घरकाम सांभाळून रोज तीन तास टाके घालते आणि गोधडी वीस दिवसांत पुरी होते. हे ६० तास झाले. तासाला अवघे ५० रुपये धरले तरी मजुरी तीन हजार रुपये होते. कापड, दोरा, प्रवास वेगळा. बाजारात यंत्रावर शिवलेली रजई किंवा कृत्रिम धाग्याचे ब्लँकेट याहून कितीतरी स्वस्त मिळते. त्यामुळे गिऱ्हाईक घासाघीस करते आणि प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, पुन्हा पावसातून गोधडी घरी न्यायला नको म्हणून, ती पडेल भावात दिली जाते. एक गोधडी डागाळली तर वीस दिवसांची कमाई बुडते.

ही जोखीम आज बहुतांशी शिवणारीवरच पडते. आयोजकांनी गोधडी ताब्यात घेताना तिचे छायाचित्र आणि स्थितीची नोंद केली, मालकिणीला पोच दिली आणि नुकसान झाल्यास कोण किती सोसणार हे आधीच लिहून ठेवले, तर वाद टळतात. सरकारी योजनांत गोधडीला स्वतंत्र जागा कमी आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे आणि शिंपी आहेत. गोधडी शिवणे हा वेगळा व्यवसाय म्हणून नाही. त्यामुळे ‘उमेद’ किंवा ‘माविम’च्या बचत गटांतून मिळणारी बाजारपेठ हाच मुख्य आधार उरतो.

पुढे मार्ग कोणता?

पावसात दाखवायचे आणि पावसानंतर पोहोचवायचे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग दिसतो. नारळी पौर्णिमा ते गणपती या काळात मोजक्या गोधड्या आणि कापडाचे नमुने मांडायचे, अर्धी रक्कम घेऊन मागणी नोंदवायची आणि दसऱ्यानंतरच्या उन्हात वाळलेली गोधडी टपालाने पाठवायची. चाकरमान्याने घरातली जुनी सुती लुगडी आणून दिली, तर त्याच्याच आजीच्या कापडाची गोधडी त्याला मिळते आणि शिवणारीचा कापडाचा खर्च वाचतो. जुने सुती लुगडे दुर्मीळ होत असताना हा मुद्दा छोटा नाही. कृत्रिम धाग्याच्या साड्यांची गोधडी घाम शोषत नाही आणि तिला तो मऊपणाही येत नाही.

गोधडी पावसाळ्यासाठीच शिवली जाते, पण ती पावसात ताटकळत ठेवण्यासाठी नाही. मांडवाचा खर्च काढताना आयोजकांनी चार बांबू, एक कोरडी खोली आणि नोंदवही यांचा खर्च धरला, तर वीस दिवसांची मेहनत दोन दिवसांच्या झडीत वाया जाणार नाही.