गड उतरल्यावर मांड्या का दुखतात?

पन्हाळा चढताना दम लागतो. पण मांड्या दुखतात त्या उतरल्यावर, आणि त्याही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्या तरुणांना हा अनुभव येतो. ऊसतोडीच्या पहिल्या दिवसांत फडात वाकून राबणाऱ्या स्त्री-पुरुषांचेही अंग असेच धरते. "अंगात ताकदच उरली नाही," असे म्हणून कित्येकजण घाबरतात. खरे तर त्या वेळी स्नायूंच्या आत दुरुस्तीचे काम चालू असते.

चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार तोलून धरतो. स्नायूचा तंतू रेल्वेच्या डब्यांसारख्या एकापुढे एक जोडलेल्या सूक्ष्म खणांचा बनलेला असतो. उतरताना या खणांच्या सांध्यांवर ताण येतो आणि तेथील काही प्रथिनांची घडी विस्कटते. अंडे उकडले की पातळ पांढरा भाग घट्ट होतो, कारण घडी उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटतात. स्नायूत असे गोळे होऊ लागले तर पेशीचे नुकसान होते.

ते टाळण्यासाठी 'लहान हीट शॉक प्रोटीन्स' धावून येतात. १९६२ साली इटलीचे शास्त्रज्ञ फेरुचिओ रितोसा यांना उष्णता लागलेल्या फळमाशीच्या पेशींत काही जनुके एकाएकी कामाला लागलेली दिसली. त्यावरून पुढे या प्रथिनांना हे नाव पडले. पण ती केवळ उष्णतेनेच नव्हे, श्रमाच्या ताणानेही कामाला लागतात. माणसात त्यांचे १० प्रकार आहेत. ताण पडताच त्यांतील काही खणांच्या सांध्यांपाशी जमतात आणि विस्कटलेली प्रथिने सांभाळून धरतात. मग मोठी हीट शॉक प्रोटीन्स ऊर्जा खर्चून त्यांची घडी पुन्हा बसवतात. जे सुधारत नाही, त्याची पेशी विल्हेवाट लावते.

श्रमानंतर काही दिवस स्नायूत या प्रथिनांचा साठा वाढलेला असतो. काही आठवड्यांत तेच श्रम पुन्हा केले तर दुखणे कमी होते, त्यामागचे हे एक कारण मानले जाते. म्हणून पहिल्या दुखण्याने चालणे सोडू नका. थोड्या उतारापासून सुरुवात करा, हळूहळू वाढवा, पाणी प्या. उपाशीपोटी वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. शरीरात पाणी कमी असताना त्या मूत्रपिंडालाही घातक ठरतात.

मात्र प्रत्येक दुखणे श्रमाचे नसते. श्रमानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. उकिडवे बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता येत नसेल, जिना दिवसेंदिवस जड जात असेल, घरात आणखी कोणाला असाच त्रास असेल, तर तो स्नायूंचा आजार असू शकतो. 'अल्फा-बी क्रिस्टॅलिन' हे यांतलेच एक प्रथिन स्नायूंत, हृदयात आणि डोळ्याच्या भिंगातही असते. त्याच्या जनुकातील एका दोषामुळे एकाच कुटुंबात स्नायू व हृदयाचा आजार आणि मोतीबिंदू होतो, हे १९९८ साली एका फ्रेंच कुटुंबात आढळले. अशा वेळी 'नशीब' किंवा 'बाहेरची बाधा' म्हणून देवऋषाकडे दिवस घालवू नका. क्रिएटिन कायनेज ही रक्ताची साधी तपासणी स्नायूंची झीज दाखवते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्या.