सातबाऱ्यावरचे नाव आणि जमिनीची मालकी

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत जमिनीच्या वादाला तोंड फुटले की एक पक्ष सातबाऱ्याचा उतारा पुढे करतो, दुसरा फेरफाराचा क्रमांक सांगतो, आणि उताऱ्यावर ज्याचे नाव तोच जमिनीचा धनी ही समजूत दोघांच्याही मनात इतकी दृढमूल असते की, ते नाव तेथे कोणत्या आधारावर आले, हा खरा प्रश्न विचारण्याचे कोणालाच सुचत नाही. वस्तुतः सातबारा हा महसुली अभिलेख आहे; जमीन कोण धारण करतो, तीत पीक कोणते आहे आणि सारा कोणाकडून वसूल करावयाचा, हे सरकारदरबारी माहीत असावे म्हणून तो ठेवण्यात येतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातील प्रमाणित नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते खरी, परंतु असा पुरावा देण्याची वाट कायद्याने मोकळीच ठेवली आहे. फेरफाराने मालकी निर्माणही होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले व पुढेही वारंवार सांगितले. म्हणून बापाच्या पश्चात भावांनी बहिणींची नावे गाळून वारसनोंद करून घेतली आणि मंडळ अधिकाऱ्याने ती मंजूरही केली, तरी तेवढ्याने बहिणींचा हिस्सा बुडत नाही.

मालकी आधी, नोंद मागाहून, हा क्रम एकदा ध्यानात घेतला म्हणजे पुढचे बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात. विक्रीचेच पाहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री केवळ नोंदणीकृत दस्ताने होते. हा आकडा अद्याप तोच आहे, आणि शंभर रुपयांत आज पाऊल टेकण्यापुरतीही जमीन मिळत नसल्यामुळे व्यवहारात प्रत्येक विक्रीस हा नियम लागू पडतो. साठेखत हा भविष्यात खरेदीखत करून देण्याचा करार होय. त्याच कलमाच्या शब्दांत सांगावयाचे तर त्यायोगे मिळकतीत कोणताही हितसंबंध निर्माण होत नाही. विसार दिला, कब्जा घेतला, घरही बांधले, पण खरेदीखत राहिले, अशा मनुष्यास कायदा काही संरक्षण देतो, मालकी मात्र देत नाही. मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी कुलमुखत्यारपत्रावर मिळकती ‘विकण्याची’ जी चतुर प्रथा पडली होती, तिने मालकी संक्रांत होत नाही, असा निर्णय २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. मुखत्यार हा दुसऱ्याच्या वतीने काम करणारा मनुष्य. तो मुखत्यार म्हणूनच राहतो.

शहरांत या समजुतीने निराळे रूप धारण केले आहे. तेथे सातबाऱ्याची जागा नामनिर्देशनपत्राने घेतली असून, सहनिवासाच्या दफ्तरी वडिलांनी ज्याचे नाव दिले तोच सदनिकेचा मालक, असे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे बोलतात. विम्याच्या रकमेसंबंधी (२०१५ च्या दुरुस्तीपूर्वीच्या कायद्यानुसार) १९८४ साली आणि कंपनीच्या भागांसंबंधी २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, नामनिर्देशित व्यक्ती ही वारसांच्या वतीने मालमत्ता स्वीकारणारी असते, वारसाहक्क डावलणारी नव्हे. सहकारी गृहनिर्माण संस्थेतही वारस ठरेपर्यंत तिला तात्पुरते सदस्यत्व मिळते, एवढेच. एकालाच घर द्यावयाचे असेल तर मृत्युपत्र करावे, आणि त्याला नोंदणी आवश्यक असते हाही भ्रमच: दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले साध्या कागदावरचे मृत्युपत्र ग्राह्य आहे. बक्षीसपत्राला मात्र नोंदणी हवी, दोन साक्षीदार हवेत, आणि देणारा हयात असताना घेणाऱ्याने ते स्वीकारलेलेही असावे लागते.

वारसाबाबत एकच सांगतो. हिंदू कुटुंबात वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत त्यांच्या हयातीत मुलाला हक्क नसतो. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत तो जन्मतः असतो, आणि २००५ च्या दुरुस्तीने तो मुलीलाही मिळाला. ही दुरुस्ती अमलात आली त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे २०२० च्या निर्णयाने कायमचे ठरले.

सर्वांत अधिक घर करून बसलेला समज मात्र वहिवाटीचा. बारा वर्षे राहिला की कूळ मालक होतो, या धास्तीने अनेक घरमालक घरे रिकामी ठेवतात. मुदत अधिनियम, १९६३ मध्ये बारा वर्षांची मुदत आहे, आणि ती उलटल्यावर मूळ मालकाचा हक्कच लोपतो, हेही सत्य आहे. परंतु त्यासाठी राहणाऱ्याचा कब्जा उघड, अखंड आणि मालकाच्या हक्काला नाकारणारा, म्हणजे प्रतिकूल, असावा लागतो. भाडेकरू मालकाचा हक्क मान्य करूनच घरात आलेला असतो. चुलत्याच्या परवानगीने राहणारा पुतण्या, राखणदार, किंवा अर्धलीने शेत कसणारा मनुष्य यांचा कब्जाही परवानगीचा असल्यामुळे तो कितीही वर्षे चालला तरी आपोआप प्रतिकूल होत नाही. सरकारी जमिनीबाबत मुदत तीस वर्षांची आहे. शेतीच्या कुळाला मालकी मिळाली ती कूळकायद्याने, निव्वळ वहिवाटीने नव्हे. या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळेच बहुधा ही भीती शहरापर्यंत पोचली असावी.

गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू असल्याने विवाहही मालकीचे द्वार आहे: विवाहापूर्वी निराळा करार नसेल तर पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते, आणि मुले असणाऱ्यास मृत्युपत्राने आपल्या हिश्श्यापैकी केवळ निम्म्याचीच विल्हेवाट लावता येते. महाराष्ट्रात विवाहाने पत्नी पतीच्या घराची सहमालक होत नाही. तिचे नाव घालावयाचे असेल तर खरेदीखतातच घालावे, अथवा नोंदणीकृत बक्षीसपत्र करावे.