विधिमंडळात ‘मंजूर’ झाले म्हणजे कायदा झाला का?

‘अखेर कायदा मंजूर!’ असा मेसेज ग्रुपवर फिरला की दुसऱ्या दिवशी सेतू केंद्रात विचारपूस सुरू होते. पण मंजूर नेमके काय झाले? ठराव की विधेयक? या फरकाची मोठी किंमत आपल्या शहराने मोजली आहे.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव मंजूर केला. पण ठराव म्हणजे सभागृहाने व्यक्त केलेली इच्छा. विद्यापीठाचे नाव कायद्यात होते आणि ठरावाने कायद्यातला एक शब्दही बदलत नाही. पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली आणि सरकारने पाऊल मागे घेतले. दोन्ही सभागृहांचा ठराव हाताशी असूनही आंदोलकांना सुमारे सोळा वर्षे लढावे लागले. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

विधेयकाचे काय होते?

विधेयक बहुधा मंत्री मांडतात. कलमवार चर्चा होते, दुरुस्त्या येतात, कधी ते समितीकडे जाते. विधानसभा व विधान परिषदेची मंजुरी मिळाली की ते राज्यपालांकडे जाते. (परिषद विधेयक लांबवू शकते, कायमचे अडवू शकत नाही.) राज्यपाल संमती देतात, परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात. संमतीनंतर ते राजपत्रात अधिनियम म्हणून छापले जाते.

ही शेवटची पायरी औपचारिक समजू नका. महिला व बालकांवरील अत्याचारांना कठोर शिक्षा सुचवणारे ‘शक्ती’ विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्यात केंद्रीय कायद्यांतील बदल असल्याने राष्ट्रपतींची संमती लागणार होती. ती मिळाली नाही.

मग जिल्ह्याचे नाव कसे बदलले?

विधेयकाशिवाय! महसुली क्षेत्राचे नाव बदलण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ने राज्य सरकारला आधीच दिलेला आहे. शहराच्या नावाला केंद्राची मान्यता फेब्रुवारी २०२३ मध्ये आली. जिल्हा आणि विभागाचे नाव त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अधिसूचनेने बदलले. त्याविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने ८ मे २०२४ रोजी फेटाळल्या. राज्याचे नाव बदलायचे असते, तर मात्र संसदेलाच कायदा करावा लागला असता.

उतरंड अशी: सर्वांत वर संविधान, खाली अधिनियम, त्याखाली नियम व अधिसूचना आणि तळाशी सरकारी कारभाराच्या सूचना देणारा शासन निर्णय, म्हणजे आपला जीआर. लोकांचा रोजचा संबंध या तळाच्या कागदाशीच येतो. पण जीआरला अधिनियमाच्या किंवा नियमांच्या विरोधात जाता येत नाही. कार्यालयात कुणी जीआर पुढे करून काम नाकारले, तर तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली आहे, हे लेखी मागा. अधिसूचनेत ते कलम बहुधा पहिल्याच वाक्यात असते.