इ. स. १८६५ : एका सालाचा जमाखर्च

दिवाळीस वही मिटताना जमा व नावे या दोन्ही बाजू पाहण्याची आपली रीत आहे. त्याच रीतीने इ. स. १८६५ हे साल आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जमेस दोन थोर जन्म आहेत. २८ जानेवारीस लाला लजपतराय जन्मले. ३१ मार्चला आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी मिळविली.

व्यापाऱ्यांच्या स्मरणात मात्र हे साल निराळ्या कारणाने आहे. १८६१ पासूनच्या यादवी युद्धामुळे अमेरिकेचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला व मुंबईचे भाव कितीतरी पटींनी चढले. आपल्याकडील धारवाडी कापूसही कुमठा बंदरातून मुंबईस जात असे. मुंबईत पैशाचा पूर आला. नव्या बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, आणि त्यांच्या शेअरांचे वायदे होऊ लागले. मालापेक्षा कागद महाग झाला.

९ एप्रिलला सेनापती ली शरण गेला. युद्ध संपल्याची वार्ता येताच भाव कोसळले. १ जुलै हा वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी अनेक नामांकित पेढ्या बुडाल्या. शेअरांच्या तारणावर कर्जे देणारी बँक ऑफ बॉम्बेदेखील १८६८ साली गुंडाळावी लागली. त्याच जुलैच्या ३१ तारखेस शिक्षण व रेल्वे यांसाठी झटलेले नाना शंकरशेट निवर्तले.

या तेजीचे अग्रणी शेठ प्रेमचंद रायचंद हे सुरतचे ओसवाल जैन. त्यांचीही अपार संपत्ती या मंदीत गेली. परंतु १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लक्ष व मनोऱ्यासाठी २ लक्ष रुपये दिले होते. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला व आजही उभा आहे. जे हाती ठेवले ते गेले; जे दिले ते राहिले.

आपल्या धर्माने श्रावकास परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे. संचयाची मर्यादा आधीच ठरवावी, असा त्याचा अर्थ. ही मर्यादा तेजीतच ठरविली पाहिजे. मंदी आल्यावर ठरविण्यासारखे काही उरत नाही. दुसऱ्याच्या युद्धाने चढलेला भाव हा आपला नफा नव्हे, ती घटकाभराची उसनवारी होय. आमच्या धान्याच्या धंद्यासही हा नियम तितकाच लागू आहे. तरुण सभासदांनी नवी वही उघडताना याचा अवश्य विचार करावा.