गोंदियाची जुनी बाजारपेठ पर्यटनाच्या नकाशाबाहेरच

गोंदिया रेल्वे स्थानकावर उतरणारा पर्यटक थेट नवेगावबांध, नागझिरा किंवा कचारगडची वाट धरतो. ज्या शहरात तो उतरला, त्याची बाजारपेठ पाहण्यासाठी क्वचितच कोणी थांबतो. येथे ना प्रसिद्ध किल्ला, ना प्राचीन लेणी; मग पाहावयाचे काय? वस्तुतः या शहराचा इतिहास त्याच्या बाजारातच साठलेला आहे.

शहराचे नावही व्यापारातूनच आले, असे मानले जाते. आसपासच्या जंगलांतील डिंक, म्हणजेच गोंद, येथे विक्रीस येत असे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीस नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारा मीटरगेज लोहमार्ग आला. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने तो ताब्यात घेऊन रुंद केला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सातपुड्यातून जबलपूरकडे जाणारी नॅरोगेज गाडी येथून सुटू लागली, पुढे चांद्याकडचा फाटाही निघाला. रुळांची रुंदी बदलली की डबा पुढे जात नाही. माल उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. या अडचणीनेच गोंदियाचे भाग्य उजळले, असे म्हटले तरी चालेल. उतरलेल्या मालाला गोदाम हवे, गोदामाला हमाल आणि अडत्या हवा, अडत्याला पेढी हवी. लाख, हिरडा, मोहफुले, तेंदूपाने आणि धान यांच्या उलाढालीवर बाजार वाढला. भात गिरण्या आणि विडी उद्योग त्याच पायावर उभे राहिले. आज जबलपूरचा मार्गही ब्रॉडगेज झाला असून मालाची ती चढउतार इतिहासजमा झाली आहे.

अशा बाजाराचे जतन कायद्याच्या चौकटीत सहज बसत नाही. १९५८चा केंद्रीय कायदा किमान १०० वर्षे जुन्या, राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तूंचा विचार करतो. रोज खरेदी-विक्री चालणारा रस्ता म्हणजे स्मारक नव्हे. मुंबईत १९९५च्या नियमावलीने एकेका इमारतीबरोबर संपूर्ण वारसा परिसराची कल्पना मान्य केली. राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही वारसा जतनाची तरतूद आहे. परंतु इमारतींची पाहणी होऊन यादी निश्चित झाल्याखेरीज तिचा उपयोग नाही.

खरी गाठ पैशाची आहे. जुन्या दुकानांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेकरू असतात. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार भाडेवाढ वर्षाला ४ टक्के. एवढ्यात कौले शाकारणेही होत नाही. मग घरमालकाला व्यापारी संकुलच फायद्याचे वाटते. त्याला केवळ मनाई करणे अन्यायाचे ठरेल. न वापरलेला बांधकाम हक्क अन्यत्र विकण्याची मुभा हा त्यावरील प्रचलित उपाय आहे. २०१७ साली जागतिक वारसा ठरलेल्या अहमदाबादेत तो अवलंबिला गेला. मात्र छोट्या शहरात अशा हक्कांना गिऱ्हाईक मिळणे अवघड, हेही मान्य केले पाहिजे.

दुसरा धोका उलट दिशेचा. दर्शनी भाग रंगवून आत केवळ पर्यटकांसाठी उपाहारगृहे थाटली, तर दुकाने वाचतील, बाजार मात्र संपेल. धान्याचा वास, हमालांची लगबग, वजनकाट्याभोवतीची घासाघीस हेच येथे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी मोठा निधीही लागत नाही. सकाळची सफारी आटोपलेल्या पर्यटकाला दुपारी दोन तास माहितगारासोबत पायी फिरवता येईल. जुन्या वह्या, मापे, विड्यांच्या बंडलांवरील छापील लेबले व्यापारी घराण्यांच्या पेट्यांत असतात. स्थानकाजवळच्या एखाद्या रिकाम्या गोदामात ती मांडता येतील.