लोकेशन आपले, ताबा कोणाचा?

सहा डिसेंबरला रिद्धपूर परिसरातून चैत्यभूमीला निघालो की बडनेऱ्याला गाडीत बसेपर्यंत सगळे सोबत असतात. ताटातूट होते ती दादरला उतरल्यावर. मागे आमच्यातल्या एक आजी शिवाजी पार्कात तीन तास सापडल्या नव्हत्या. फोन जवळ होता, पण कॉल लागत नव्हता. म्हणून यंदा आम्ही मोबाईलचे लोकेशन ट्रॅकिंग वापरणार आहोत. वापरायचे तर आधी समजून घेतले पाहिजे.

फोनला आपली जागा उपग्रह, मोबाईल टॉवर आणि आसपासचे वाय-फाय यांवरून कळते. जीपीएसला किमान चार उपग्रहांचे संकेत लागतात. उघड्यावर ते काही मीटरपर्यंत अचूक असते, पण बॅटरी खाते. टॉवरचा अंदाज ढोबळ, मात्र स्वस्त. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. जागा फोनला कळलेली असते, गर्दीत अडते ते ती दुसऱ्याला पाठवणे.

दर सेकंदाला जागा पाठवली तर एका फोनच्या दिवसाला ८६,४०० नोंदी होतात. दर पाच मिनिटांनी पाठवली तर फक्त २८८. माणसे पाचशे असतील तर हाच फरक ४ कोटी ३२ लाख विरुद्ध १ लाख ४४ हजार असा होतो. म्हणून चांगले ॲप आधी फोन हलतो आहे का ते पाहते. त्या सेन्सरला वीज फारच कमी लागते. माणूस बसलेला असेल तर जीपीएस बंद, पन्नास-शंभर मीटर सरकला तर नवी नोंद. नेटवर्क नसेल तर नोंदी साठवून नंतर एकदम पाठवायच्या. याहून सोपे म्हणजे नकाशावर मैदानाभोवती कुंपण आखायचे. फोन बाहेर गेला तरच तो कळवतो.

पण हे कुंपण कोण आखतो? नागपूर महानगरपालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली आणि त्यांची हजेरी त्यावर ठेवली. झाडू कोणत्या समाजाच्या हातात आहे, हे वेगळे सांगायला नको.  तंत्र तेच, आजीला शोधणारे आणि कामगारावर पाळत ठेवणारे.

खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. जुलै २०२४ मध्ये न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने, जामिनावरील आरोपीला गुगल मॅपवरची आपली जागा पोलिसांना सतत दाखवत राहण्याची अट घालता येणार नाही, असा निकाल दिला. आरोपीला जे संरक्षण, ते झाडूवालीला का नको, हा प्रश्न कार्यकर्त्यांनी पालिकेत विचारायला हवा.

आमचे ठरले आहे ते असे. ज्याची इच्छा, त्याचेच लोकेशन. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास देता येते. आम्ही आठ तासांचे घेऊ आणि ते फक्त गटप्रमुखांना दिसेल. फक्त शेवटची जागा पाहायची, दिवसभराचा माग जपायचा नाही. परतीच्या गाडीत बसलो की बंद. साध्या फोनवाल्या आजींना यातले काही चालत नाही. त्यांच्या पदराला गटप्रमुखाच्या नंबरची चिठ्ठी सेफ्टी पिनने लावणार आहोत.